परमुलखातील कमाई आणि कराचे कागद

कराची गोष्ट निघाली म्हणजे बहुतेक मंडळींच्या मनात पैशाचा विचार येतो. किती भरावा लागेल, किती वाचेल, हे पहिले प्रश्न असतात. परदेशात राहून नोकरी करणाऱ्या माणसाच्या बाबतीत आम्ही हा क्रम उलटा लावू इच्छितो. कर किती, हा त्याचा दुसरा प्रश्न. जवळ कागद कोणते, हा पहिला. कायद्याने देऊ केलेली सवलत कागदावाचून पदरात पडत नाही. एकाच मिळकतीवर दोन सरकारांना कर देण्याची पाळी येते ती पुष्कळदा कायद्याच्या कठोरपणामुळे नव्हे, तर वेळेवर न मागितलेल्या एखाद्या दाखल्यामुळे येते.

हा विषय बीडसारख्या गावी कशाला, असे कोणी विचारील. आपला जिल्हा बाहेर जाणाऱ्यांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांमुळे साऱ्या राज्यात त्याची तशी ओळख झाली आहे. त्याच बालाघाटच्या पायथ्याची मुले-मुली आता पुण्यास शिकून अमेरिकेत आणि इंग्लंडात जातात. ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, नर्स आखाती देशांत जातात. मागे राहतात ते आईवडील, शेतीचा एखादा तुकडा, गावातले घर आणि बँकेतले एक खाते. कराचा गुंता उत्पन्न होतो तो ह्याच मागे राहिलेल्या गोष्टींमुळे. आणि तो सोडविताना दमतात तेही पुष्कळदा मागे राहिलेलेच.

सरहद्दीपलीकडे जाऊन कमावणे ह्या भागास अगदी नवे नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आष्टीचा व्यापारी नगरच्या पेठेला निघाला की तो इंग्रजी अमलात शिरत असे. संस्थानची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. संस्थानचा रुपया निराळा. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा हिशोब. दप्तरातले सालदेखील फसली. भारतीय आयकराचा अंमल ह्या मुलखात आला तो १९५० साली. दोन नाणी, दोन कालगणना आणि दोन सरकारे ह्यांचा मेळ त्या पिढीने घातला. त्यासाठी तिच्याजवळ साधन होते ते वहीचे आणि पावतीचे. आज अंतर वाढले, नाण्यांची नावे बदलली. साधन मात्र बदललेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकाच पगारावर दोन सरकारे हक्क सांगतात ती कोणत्या न्यायाने? त्यांचे न्याय दोन आहेत. एक म्हणते, मिळकत आमच्या भूमीत उत्पन्न झाली, म्हणून कर आमचा. दुसरे म्हणते, मिळकत कुठेही होवो, माणूस आमच्याकडे राहणारा आहे, म्हणून कर आमचा. दोन्ही न्याय आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणूनच मधला माणूस भरडला जातो. पहिल्या महायुद्धानंतर सर्वत्र करांचे दर चढले तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. राष्ट्रसंघाने चार अर्थशास्त्रज्ञांस त्याचा विचार करावयास सांगितले. १९२३ साली त्यांचा अहवाल निघाला. ह्या चौघांपैकी एक होते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक सेलिग्मन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ते गुरू. बाबासाहेबांच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ सालच्या ग्रंथाला प्रस्तावना आहे ती ह्यांचीच. त्या विचारातूनच पुढे देशादेशांतील दुहेरी कर टाळण्याचे करार आकारास आले. भारताचा असा करार अमेरिकेशी १९८९ साली, संयुक्त अरब अमिरातीशी १९९२ साली आणि इंग्लंडशी १९९३ साली झाला.

करार आहे म्हणजे काळजी मिटली, असे मात्र नाही. करार हा दरवाजा आहे. आत जाताना प्रत्येकास तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. तू त्या वर्षी राहिलास कोठे? पैसा उत्पन्न झाला कोठे? आणि त्यावर कर कोठे भरलास? ह्या तीन प्रश्नांचे कागद तीन तऱ्हेचे आहेत.

पहिला प्रश्न राहण्याचा. आपला आयकर नागरिकत्वावर मुख्यतः अवलंबून नाही, तो दिवसांवर अवलंबून आहे. एप्रिल ते मार्च ह्या वर्षात जो १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिला तो निवासी. निवासी माणसाची जगातली सर्व मिळकत इथे मोजली जाते. अनिवासी माणसाची केवळ भारतात उत्पन्न झालेली किंवा भारतातच हाती पडलेली. एरव्ही ६० दिवसांचाही एक नियम आहे. त्यात मागील चार वर्षांतले ३६५ दिवस पाहतात. परंतु नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकास त्या ६० च्या जागी १८२ दिवसांची सवड मिळते. भेटीसाठी येणाऱ्या अनिवासी नागरिकासही तीच सवड आहे. मात्र ज्याची भारतातील मिळकत १५ लाख रुपयांहून अधिक आहे त्याच्यासाठी २०२० सालापासून ही मर्यादा १२० दिवसांवर आली आहे.

हे आकडे कोरडे वाटतील, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, गेवराईचा एक तरुण दुबईला नोकरीवर निघाला. तो २० सप्टेंबरला गेला तर एक एप्रिलपासून त्याचे भारतातील दिवस होतात १७३. त्या वर्षापुरता तो अनिवासी, आणि दुबईच्या पगारावर इथे कर नाही. तोच तरुण गणपती, पितृपक्ष, दसरा आटोपून १० ऑक्टोबरला गेला तर दिवस होतात १९३. आता तो निवासी ठरला, आणि ऑक्टोबर ते मार्चचा दुबईतील पगार त्याच्या भारतातील मिळकतीत मिळवावा लागेल. अमिरातीत पगारावर आयकर नाही. म्हणजे तिकडे भरलेला कर दाखवून इकडे वजावट मागण्याचाही मार्ग नाही. वीस दिवसांचा फरक, पण सहा महिन्यांच्या पगाराचा हिशोब त्याने फिरतो. परत येतानाही हाच विचार करावा लागतो.

तेव्हा पहिला कागद म्हणजे पारपत्र, त्यातील येण्याजाण्याच्या शिक्क्यांसकट. नवे पारपत्र मिळाले म्हणून जुने टाकून देऊ नये. अलीकडे काही विमानतळांवर यंत्रानेच नोंद होते आणि शिक्का उमटत नाही; म्हणून तिकिटे आणि विमानात चढतानाचे पास ह्यांच्या प्रती जपाव्यात. नोकरीचा करार, व्हिसा, तिकडच्या घराचा भाडेकरार हे त्याचे पाठीराखे. आणि ज्यास करारातील सवलत हवी त्याने तिकडच्या करखात्याकडून त्या वर्षाचा करनिवासाचा दाखला मागून घ्यावा. एका वर्षाचा दाखला दुसऱ्या वर्षास चालत नाही, आणि तो आपोआप घरी येत नाही; अर्ज करावा लागतो.

दुसरा प्रश्न पैसा कोठे व केव्हा उत्पन्न झाला हा. इथे खरी पंचाईत वर्षांची आहे. आपले वर्ष एप्रिल ते मार्च. अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर. ऑस्ट्रेलियाचे जुलै ते जून. इंग्लंडचे ६ एप्रिल ते ५ एप्रिल. १७५२ साली तेथील पंचांगातून अकरा दिवस गळाले, त्याची खूण त्या तारखेत अद्याप राहिली आहे. अमेरिकेतील मालक पगाराचा व कापलेल्या कराचा वार्षिक दाखला जानेवारीअखेर देतो. त्याला तिकडे डब्ल्यू-टू म्हणतात. इंग्लंडात पी-साठ नावाचा दाखला मेअखेर मिळतो, आणि मध्येच नोकरी सोडली तर पी-पंचेचाळीस. ह्या दाखल्यांत तिकडचे वर्ष असते. आपल्याकडे विवरण भरावयाचे तर त्या आकड्यांतून एप्रिल ते मार्च निवडून काढावे लागते, आणि ते केवळ वार्षिक दाखल्यावरून निघत नाही. त्यासाठी महिन्यामहिन्याच्या पगारपट्ट्या लागतात. पगारपट्टी क्षुल्लक म्हणून सोडून देणारा माणूस पुढे दोन वर्षांचे सांधे जुळवू शकत नाही.

तिसरा प्रश्न भरलेल्या कराचा. निवासी माणसाने परदेशात कर भरला असेल, तर आपल्याकडील करातून त्याची वजावट मिळते. परंतु ती दोन करांपैकी जो कमी असेल तेवढीच. ह्या वजावटीसाठी २०१७ सालापासून स्वतंत्र फॉर्म आला. १९६१ च्या कायद्याखाली त्याचा क्रमांक ६७ होता. त्यासोबत मिळकतीचे आणि कर भरल्याचे प्रमाण लागते. ते तिकडच्या करखात्याचे असावे, किंवा कर कापणाऱ्या मालकाचे असावे; नाहीतर स्वतःच्या सहीचे निवेदन आणि त्याच्या जोडीला कर भरल्याचा पुरावा. डॉलरचे वा पौंडाचे रुपये करताना बाजारातला मनास येईल तो भाव घेता येत नाही. स्टेट बँकेचा ठराविक दिवसाचा खरेदी दर घ्यावा लागतो. तो दर त्या त्या वेळी उतरवून ठेवला म्हणजे नंतर शोधाशोध होत नाही. १९६१ सालच्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ सालच्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्याने कलमांची मांडणी बदलली, आणि पूर्वीची दोन नावांची वर्षे जाऊन 'कर वर्ष' हा एकच शब्द आला. म्हणून फॉर्मचा क्रमांक पाठ करीत बसू नये. त्या त्या वर्षी तो पाहून घ्यावा. कागदाचे काम काय, हे मात्र ध्यानात ठेवावे. ते फारसे बदलत नाही.

येथवर परदेशचे कागद झाले. आता घरचे. अनिवासी मुलाची इथली मिळकत म्हणजे बँकेचे व्याज, घराचे भाडे, शेतीचे उत्पन्न. अनिवासीच्या सामान्य खात्यावरील, म्हणजे ज्याला एनआरओ खाते म्हणतात त्यावरील, व्याजातून बँक ३० टक्के आणि वर अधिभार अशी करकपात आधीच करते. अमेरिकेशी झालेल्या करारात व्याजावरील दर साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. पण करनिवासाचा दाखला बँकेकडे वेळेवर पोहोचला नाही तर कपात पुरी होते आणि परताव्यासाठी विवरण भरत बसावे लागते. पुष्कळ घरी मुलगा परदेशी गेल्यावरही त्याचे जुने बचत खाते तसेच चालू असते. हे नियमास धरून नाही. बँकेस कळवून खाते बदलून घेतले पाहिजे.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ठाऊक नसते ते एवढेच की, ही माफी भारताची आहे, अमेरिकेची नव्हे. अमेरिकेत करासाठी निवासी ठरलेल्या माणसाची जगातली सर्व मिळकत तिकडे मोजतात. त्यात माजलगावच्या उसाचे आणि धारूरच्या सीताफळाचे पैसेही आले. तेव्हा जमीन ज्याच्या नावावर, त्याच्या फाइलीत सातबारा आणि आठ-अ ह्यांचे उतारे, कारखान्याचे ऊसबिल, बाजार समितीतील आडत्याची पट्टी, बी-खताच्या पावत्या हे सर्व असले पाहिजे. जमीन वडिलांची, मुलाचे नाव केवळ वारसाच्या सोयीसाठी चढविलेले, असे असेल तर तेही कागदावर स्पष्ट असावे.

एक खुबीची गोष्ट संयुक्त खात्याची. वडिलांच्या बँकेतील ठेवीवर सोयीसाठी मुलाचे नाव घातलेले असते. अमेरिकेत राहणाऱ्याच्या सर्व परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षातून एक दिवस जरी १०,००० डॉलर्सच्या वर गेली, तरी त्याची निराळी माहिती तिकडच्या अर्थखात्यास द्यावी लागते. आणि संयुक्त खाते त्यात धरले जाते. पैसा वडिलांचा, घाम वडिलांचा, पण माहिती द्यावयाची मुलाने. त्यासाठी वर्षातील सर्वांत मोठ्या शिल्लकेचा आकडा बीडहून कळवावा लागतो. पासबुक भरून घेणे हे अशा वेळी केवळ म्हाताऱ्याचे वेड राहत नाही.

सर्वांत मोठा घोळ होतो तो घर किंवा जमीन विकताना. विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याने किमतीतून कर कापून सरकारात भरावयाचा असतो. दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील दर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के आहे. उपकर धरून १३ टक्के. समजा, वडिलोपार्जित घर ४० लाखांस विकले. घेणारा सावधपणे पुऱ्या किमतीवर कपात करू लागला तर ५ लाख २० हजार अडकतात. वास्तविक कर नफ्यावर आहे. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल, तर त्या दिवशीची वाजवी किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ती नोंदणीकृत मूल्यमापकाच्या अहवालाने १२ लाख ठरली असे मानू. नफा २८ लाख, कर ३ लाख ६४ हजार. उरलेल्या १ लाख ५६ हजारांची कपात टाळता येते. पण त्यासाठी विक्रीपूर्वीच करखात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि ते मिळते जुने खरेदीखत, वारसाचा फेरफार आणि मूल्यमापन ह्यांच्या बळावर.

शेतजमिनीचे आणखी निराळे. खेड्यातील शेतजमीन विकली तर तिच्या नफ्यावर इथे कर लागत नाही. पण खेडे कोणते, हे नगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या सरळ अंतरावर ठरते. एक लाखाहून अधिक लोकवस्तीच्या गावापासून सहा किलोमीटर, दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावापासून दोन किलोमीटर. २०११ च्या शिरगणतीत बीड शहराची वस्ती १ लाख ४६ हजारांवर होती. अंबाजोगाई आणि परळी लाखाच्या आत. म्हणजे बीडच्या हद्दीपासून पाच किलोमीटरवरचे शेत कराच्या कक्षेत येते, आणि अंबाजोगाईपासून तेवढ्याच अंतरावरचे येत नाही. तहसीलदार अथवा भूमापन खात्याकडून अंतराचा दाखला घेणे हे येथे महत्त्वाचे काम. मालकीची साखळी फार मागे जात असेल तर मराठवाड्यात लिपीचीही अडचण येते. निजामी दप्तर उर्दूत, त्यापूर्वीचे मोडीत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ह्या दोन लिप्या वाचणाऱ्यांची किती गरज पडली, हे सर्वांनी पाहिले. जाणता वाचक गाठून अशा कागदाचे देवनागरी लिप्यंतर आजच करून ठेवावे.

हे सर्व करावयाचे कोणी? मुलगा सातासमुद्रापलीकडे, आणि तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढतात ते सत्तरीचे वडील. ह्यात आम्हांस न्याय दिसत नाही. कामाची वाटणी आधीच झाली पाहिजे. परदेशचा प्रत्येक कागद परदेशात असणाऱ्याने स्वतः जमवावा. इथले जे उतारे महाभूलेखच्या संकेतस्थळावर मिळतात तेही त्याने तिकडून काढावेत. वडिलांकडे केवळ पासबुक, पट्ट्या आणि पावत्या द्याव्यात. सही इथल्या माणसाने करावयाची असेल तर मुखत्यारपत्र करावे. ते परदेशात भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठविल्यावर इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. मुखत्यारपत्र मोघम नसावे. कोणत्या कामापुरते, ते लिहिलेले असावे. आणि भारतातील भ्रमणध्वनीचा क्रमांक बंद पडू देऊ नये. बँक काय आणि करखाते काय, सर्वांचे संकेतांक त्याच क्रमांकावर येतात.

नोकरी संपवून परत येणाऱ्याने एक गोष्ट विशेष जपावी. नोकरी सुटली की कंपनीच्या संकेतस्थळाचे दार मिटते, आणि पगारपट्ट्या आत राहतात. म्हणून शेवटच्या महिन्यातच सर्व दाखले उतरवून घ्यावेत. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यास परतल्यावर काही काळ मधली पायरी मिळते: मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागील सात वर्षांत ज्याचे भारतातील दिवस ७२९ किंवा त्याहून कमी आहेत, त्याची नोकरीतून झालेली परदेशची मिळकत सहसा लगेच इथे करपात्र होत नाही. पण ही पायरी सिद्ध करावयास दहा वर्षांचे दिवस मोजून दाखवावे लागतात. जुनी पारपत्रे कामास येतात ती येथे. त्यानंतर तिकडची खाती व गुंतवणूक विवरणात दाखविलीच पाहिजे. २०१५ सालच्या काळ्या पैशासंबंधीच्या कायद्यात न दाखविलेल्या परदेशी मालमत्तेस दहा लाख रुपयांचा दंड सांगितला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेस त्यातून सूट आहे. 'तिकडचे इकडे कोणास कळते' ह्या भरवशावर कोणी राहू नये. २०१७ पासून पुष्कळ देशांच्या बँकांची माहिती करखात्याकडे येऊ लागली आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाची उचल मुकादमाच्या वहीत लिहिलेली असते. हंगाम संपल्यावर किती फिटली, किती उरली, हे ती वही सांगते, आणि राबणाऱ्यास ते ऐकून घ्यावे लागते. ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती हिशोब, हे ह्या जिल्ह्यास निराळे शिकवावयास नको. विमानाने जाणाऱ्याची स्थिती पुष्कळ बरी आहे. त्याला त्याचे कागद मागता येतात, ठेवता येतात आणि दाखविता येतात. तेवढे त्याने करावे.

त्यासाठी फार मोठी सिद्धता लागत नाही. वर्षाला एक फाइल, तिचे तीन भाग: दिवसांचे कागद, मिळकतीचे कागद, भरलेल्या कराचे कागद. दिवाळीत वहीपूजन होते तेव्हा एकदा ती उघडावी. गुढीपाडव्याच्या सुमारास आपले आर्थिक वर्ष संपत असते, तेव्हा दुसऱ्यांदा. जो कागद उणा दिसेल तो त्याच आठवड्यात मागावा. कराची फाइल निदान दहा वर्षे आणि जमीनजुमल्याची कायमची ठेवावी. एक प्रत तिकडे, एक प्रत बीडला. आईवडिलांपैकी एकास आणि घरातल्या एखाद्या तरुणास ती कोठे आहे हे ठाऊक असावे.